पुढचं काम ठरेपर्यंत एक डाव

मोठे गेम मला कधी जमलेच नाहीत. बंदूक घेऊन पळायचं, एका हाताने चालायचं, दुसऱ्याने मान वळवायची, आणि हे चालू असताना हेडफोनमध्ये कोणीतरी ओरडत असणार. त्यात पहिल्या मिनिटालाच माझा खातमा होतो आणि त्याचं मला दुःखही होत नाही. त्यामुळे गेमच्या नादी लागणं हा आपला प्रांत नव्हे, असं मी कितीतरी वर्षं धरून चालले होते. ते रात्र-रात्र जागणाऱ्या पोरांचं काम. आपण काय, मधल्या वेळात चार पत्ते हलवणार. या मधल्या वेळाची बेरीज किती होते, ते कोणी मोजत नाही. छोट्या गेमचा सगळा कारभार त्याच भरवशावर चालतो.

सुरुवात सॉलिटेअरने झाली. दादाने घरी कॉम्प्युटर आणला तेव्हा मला माऊस धरायची धास्ती वाटायची. बाण नको तिथे जायचा, धरून ओढायला गेले की मध्येच सुटायचा. दादा म्हणाला, "पत्ते खेळ थोडे दिवस, हात बसेल." आणि खरंच बसला. हा गेम विंडोजमध्ये घालण्यामागे मायक्रोसॉफ्टच्या मनातही हेच होतं असं सांगतात, की लोकांनी वस्तू धरून ओढायला आणि हव्या त्या जागी सोडायला खेळता खेळता शिकावं. १९९० साली विंडोज ३.० बरोबर सॉलिटेअर आलं. ते लिहिलं होतं वेस चेरी नावाच्या, तिथे इंटर्न म्हणून आलेल्या मुलाने. पत्त्यांची चित्रं सुझन केअरची. त्याआधी ॲपलच्या मॅकिंटॉशची चिन्हं तिनेच काढली होती. चेरीने त्यात एक गंमत ठेवली होती: एक कळ दाबली की पत्ते नाहीसे होऊन खोटा हिशोबाचा तक्ता दिसणार, म्हणजे साहेब मागून आले तरी चिंता नको. कंपनीने ती काढायला लावली. गेम लिहिणाऱ्यालाच पहिल्या दिवशी कळलं होतं की हा कुठे आणि कधी खेळला जाणार आहे!

हात बसला, मग पत्ते कशाला? याचं उत्तर मला फार उशिरा सापडलं, आणि ते खऱ्या पत्त्यांनी एकटीने डाव लावून बघितल्यावर सापडलं. खऱ्या पत्त्यांचा डाव अडला की सगळे पत्ते गोळा करायचे, कडा जुळवायच्या, पिसायचे, पुन्हा सात रांगा मांडायच्या. एवढ्या वेळात माणसाला आठवतं की आपल्याला काही काम होतं, आणि तो उठतो. कॉम्प्युटरने नेमका हा पिसण्याचा वेळ काढून टाकला. एक कळ, की नवा डाव समोर मांडलेला. उठायचं की बसायचं, हे ठरवायची जागाच उरत नाही.

शिवाय सॉलिटेअरमध्ये एक खोच आहे. काही डाव मुळातच सुटणारे नसतात. पण डाव अडतो तेव्हा तो तसा होता, की मधे काळी नव्वी उचलण्यात आपली गफलत झाली, हे कळायला मार्ग नसतो. हरल्याची लाज वाटत नाही, आणि जिंकायची शक्यताही हातातून गेलेली नसते. तीन-तीन पत्ते उघडण्याच्या पद्धतीत तर हे फारच जाणवतं: हवा असलेला लाल गुलाम दिसतो, पण वरच्या दोन पत्त्यांखाली अडकलेला. डोळ्यांनी दिसतं आणि हाताला लागत नाही, अशा वेळी कोण उठणार?

माइनस्वीपरचं वेड वेगळ्या जातीचं होतं. झाकलेल्या घरांत सुरुंग लपलेले; घर उघडलं की आतला आकडा सांगतो शेजारच्या घरांत किती सुरुंग आहेत, आणि त्यावरून सुरुंग टाळत जायचं. सॉलिटेअर मी सैल अंगाने खेळायचे. माइनस्वीपर खेळताना खांदे कानापर्यंत आलेले असायचे. एक्स्पर्टची पाटी ३० बाय १६ घरांची, ४८० घरांत ९९ सुरुंग, म्हणजे दर पाच घरांमागे जवळजवळ एक. कोपऱ्यात सेकंदांचे लाल आकडे पळत असतात. हळूहळू आकडे वाचायचे बंद होतात आणि आकृत्या दिसू लागतात. सरळ कडेला १-२-१ आलं की दोन्ही एकांच्या समोर सुरुंग, दोनाच्या समोर मोकळं. १-२-२-१ आलं की मधल्या दोन्ही दोनांसमोर सुरुंग. विचार करावा लागत नाही, बोट आपोआप जातं. आणि इतकं सगळं नीट करून शेवटी कोपऱ्यात दोन घरं अशी उरतात की सुरुंग इकडे की तिकडे, हे कुठल्याच आकड्यावरून ठरत नाही. छापा-काटा. चुकीच्या बाजूला क्लिक केलं की वरच्या पिवळ्या चेहऱ्याचे डोळे फुल्यांचे होतात. त्याच चेहऱ्यावर क्लिक केलं की नवी पाटी. पुन्हा तेच: रागाला वाव न देता पुढचा डाव हजर.

इंग्लंडमधल्या रिचर्ड के या गणितज्ञाने २००० साली दाखवून दिलं की माइनस्वीपरची एखादी पाटी नियमांत बसते की नाही, हे ठरवण्याचा प्रश्न एनपी-पूर्ण आहे. म्हणजे गणकशास्त्रातल्या सर्वांत चिवट प्रश्नांच्या पंगतीतला. हे वाचून मला फार बरं वाटलं होतं. आपण वेळ घालवत नसून एका थोर प्रश्नाशी झुंजतो आहोत, असं स्वतःला सांगता येऊ लागलं. नादी लागलेल्या माणसाला अशी विद्वत्ता फार लवकर सापडते.

त्या काळात फरशीवर नजर गेली की चौकोनांत आकडे दिसायचे. डोळे मिटले की पाटी उघडायची. असं मला एकटीलाच होत नव्हतं. टेट्रिस खेळणाऱ्यांना झोप लागता लागता वरून पडणारे तुकडे दिसतात, यावर रॉबर्ट स्टिकगोल्ड आणि त्याच्या सहकाऱ्यांनी प्रयोग केला होता. तो २००० साली प्रसिद्ध झाला. त्यात नवं काही लक्षात न राहणारे काही रुग्णही होते. आपण गेम खेळलो हे त्यांना आठवत नव्हतं, पण झोपेच्या उंबरठ्यावर तुकडे मात्र त्यांच्यातल्या काहींना दिसले. आठवणीच्याही खालच्या कुठल्यातरी मजल्यावर हा गेम जाऊन बसतो.

तरी या जुन्या गेमबद्दल माझ्या मनात राग नाही. ते कॉम्प्युटरमध्ये गप्प पडून असायचे. मी गेले नाही तर त्यांनी कधी हाक मारली नाही. हाक मारणारे गेम नंतर आले.

शेतीचा एक गेम मी सोशल मीडियावर खेळायचे. या जातीचा सगळ्यांत गाजलेला गेम म्हणजे फार्मव्हिल, २००९ मध्ये फेसबुकवर आलेला आणि ३१ डिसेंबर २०२० ला बंद झालेला. माझा त्याच धाटणीचा होता. नांगरा, पेरा, आणि मग थांबा. पीक तयार व्हायला खरे तास लागतात आणि वेळेत काढलं नाही तर ते वाळून जातं. इथे पहिल्यांदा गेमचं घड्याळ माझ्या घड्याळात शिरलं. बाहेर जायचं असेल तर मी उशिरा तयार होणारं पीक पेरू लागले. घरी असेन तर लवकरचं. झोपायच्या आधी शेवटची पाहणी. खेळ म्हणावा तर त्यात खेळण्यासारखं काहीच नव्हतं; ओळीने क्लिक करत जायचं. पण शेजाऱ्यांनी मदत मागितलेली असायची, कोणी भेट पाठवलेली असायची, आणि परतफेड केली नाही तर बरं दिसत नाही! ज्यांच्याशी एरवी वर्षानुवर्षं बोलणं नाही, त्यांच्या कोंबड्यांना मी दाणे घालत होते.

या प्रकाराची थट्टा करण्यासाठी इयन बोगोस्ट या गेमच्या अभ्यासकाने २०१० मध्ये 'काऊ क्लिकर' नावाचा गेम काढला. समोर एक गाय. तिच्यावर क्लिक करायचं. मग सहा तासांनी पुन्हा क्लिक करायचं. बस्स, एवढंच. लोक हसतील आणि सोडून देतील अशी त्याची कल्पना. हजारो लोक तो मनापासून खेळू लागले. शेवटी कंटाळून २०११ मध्ये त्याने सगळ्या गाई नाहीशा केल्या, तर काही जण गाय असायची त्या रिकाम्या जागेवर क्लिक करत राहिले. मी हे वाचलं तेव्हा शेतीचा गेम सोडून झाला होता. तरी हसण्याआधी मी त्यांची बाजू समजून घेतली.

मग फोन आला, आणि फोनवर रंगीत खडे जुळवण्याचा गेम.

एका ओळीत तीन सारखे आणले की ते फुटतात, वरचे खाली येतात, त्यातून कधी आणखी तीन जुळतात आणि आपण काही न करता माळ लागते. ही माळ लागण्यात सगळं सुख आहे. मी एक खडा सरकवला आणि अर्धा पडदा कोसळला. त्यात माझी करामत किती आणि योगायोग किती, हे तपासायला कोण बसतो? कौतुकाची अक्षरं मात्र माझ्याच नावाने झळकतात. लेव्हल अवघड झाली की आणखी एक गोष्ट होते. अगदी थोडक्यात हुकतं. एक चाल हवी होती, फक्त एक. मग पडद्यावर येतं की पाच जादा चाली हव्यात का, आणि शेजारी पैशांचं बटण.

थोडक्यात हुकण्यावर केंब्रिजच्या ल्यूक क्लार्क आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. चित्रं जुळवायच्या जुगाराच्या यंत्रासारखं काहीतरी त्यांनी लोकांना खेळायला दिलं. थोडक्यात हुकलेला डाव लोकांना साध्या हारण्यापेक्षा नकोसा वाटत होता, पण पुढचा डाव खेळायची इच्छा त्याने वाढत होती, आणि जिंकल्यावर मेंदूचे जे भाग जागे होतात त्यांतले काही तेव्हाही जागे होत होते. मी पैसे कधी भरले नाहीत. ही माझी फुशारकी होती. पैशांऐवजी मी वेळ भरत होते. पाच लाइफ, एक गेली की अर्ध्या तासाने परत मिळणार, हा या जातीच्या गेमचा रूढ हिशोब. मला लवकरच एक क्लृप्ती कळली: फोनची तारीख पुढे ढकलायची, लाइफ भरून घ्यायच्या, मग तारीख मागे आणायची. गेम फसायचा. फोनही फसायचा. कॅलेंडरमधल्या पुढच्या आठवड्याच्या आठवणी एकदम घणघणायच्या, काही वेबसाइट उघडायला नकार द्यायच्या. खडे फोडायला मिळावेत म्हणून मी काळ पुढे सरकवते आहे, यात मला काही विचित्र वाटत नव्हतं.

माझं काम यंत्रांच्या माहितीपुस्तिकांच्या भाषांतराचं. घरून करते. कामं वेळेवर जात होती, कोणाची तक्रार नव्हती. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात गेमिंग डिसऑर्डर आहे, ते १ जानेवारी २०२२ पासून लागू झालं. त्याच्या खुणा मी स्वतःला लावून पाहिल्या. खेळण्यावर ताबा न राहणं, बाकीच्या गोष्टींपेक्षा खेळाला वरचं स्थान मिळणं, नुकसान दिसत असूनही खेळत राहणं, आणि जगण्याची घडी विस्कटेल इतपत हे सहसा वर्षभर तरी चालणं. मी त्यात बसत नव्हते. वाचून सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. उलट वाटलं, म्हणजे याला नावही नाही, औषधही नाही, कोणी सुट्टीही देणार नाही.

मला बोचत होतं ते वेगळंच. मजा कधीच संपली होती. जिंकल्यावर येणारी आतषबाजी मला अडथळा वाटू लागली होती. ती संपायच्या आत मी पडद्यावर बोट आपटत असायचे, पुढची लेव्हल दे म्हणून. जिंकण्याचाच कंटाळा येत असेल तर मग खेळते कशासाठी? नताशा डाऊ शुल या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी लास व्हेगासमध्ये यंत्रांवर जुगार खेळणाऱ्यांशी वर्षानुवर्षं बोलून जे लिहिलं आहे, त्यात मला माझं उत्तर सापडलं. ती माणसं जिंकण्यासाठी खेळत नव्हती. खेळत राहता यावं म्हणून खेळत होती. यंत्रासमोर एक अशी स्थिती येते की तिथे वेळ, पैसा, माणसं काही उरत नाही, आणि ती स्थिती मोडली की चीड येते. जिंकल्यामुळे मोडली तरीसुद्धा. माझ्या खड्यांत पैसा नव्हता, बरबादी नव्हती, पण ती चीड मी ओळखली.

मग मी एक केलं. खेळायचं थांबवलं नाही. गेम उघडताना नुकतंच काय करत होते, ते कागदावर लिहू लागले. फार दिवस लिहावं लागलं नाही. कामाच्या मधोमध मी गेम जवळजवळ कधीच उघडत नव्हते. अवघड वाक्याशी झटापट चालली असतानाही नाही. एक काम संपलं आणि दुसरं कुठलं घ्यावं हे ठरायचं आहे, अशा फटीतच प्रत्येक वेळी हात फोनकडे जात होता. पुस्तिकेचं प्रकरण पाठवलं, आता पुढचं प्रकरण, की पत्रांची उत्तरं, की जेवण, की जरा पडायचं? या प्रश्नासमोर गेम सांगायचा, बाई, तू काही ठरवू नकोस, हा लाल खडा डावीकडे सरकव. मला खडे आवडत नव्हते. काही ठरवावं न लागणं आवडत होतं.

हे कळल्यावर आधीचे उपाय का फसले, तेही कळलं. गेम काढून टाकला होता. पण लेव्हल खात्यावर साठवलेली असते, परत घेतला की जिथे होते तिथूनच सुरू. फोनला रोजची मर्यादा घालून पाहिली. वेळ संपली की फोन पाटी दाखवतो, आणि त्याच पाटीवर अजून थोडा वेळ घेण्याचं बटण. ते बटण दाबणं ही गेममधलीच एक चाल होऊन बसली. उपयोग झाला तो एका बिनडोक उपायाचा. फोनच्या सेटिंगमध्ये पडदा करड्या रंगाचा करता येतो, तो करून ठेवला. रंग जुळवण्याच्या गेममध्ये रंगच नाहीत! आकार ओळखून खेळता येतं, पण डोळ्यांवर इतका ताण येतो की विचार करावा लागतो, आणि विचार करायचाच असेल तर कामाचाच का नको.

दुसरा उपाय फटीवरचा. १९२७ मध्ये ब्लूमा झायगार्निक यांनी लिहिलं की पुरी झालेल्या कामापेक्षा अर्धवट राहिलेलं काम माणसाच्या जास्त ध्यानात राहतं. नंतरच्या सगळ्याच प्रयोगांत ते तसं दिसलेलं नाही. माझ्या बाबतीत मात्र दिसतं. गेमवाले तेच वापरतात. लेव्हल अर्धी, बक्षीस अर्धं, नकाशावर पुढचं ठिकाण धूसर. मीही वापरू लागले. प्रकरण संपवून उठायचं नाही. पुढच्या प्रकरणाचं पहिलं वाक्य सुरू करायचं आणि क्रियापदाच्या आधी सोडून उठायचं. परत आल्यावर काय करायचं, हा प्रश्नच नसतो. तिथे एक बिनक्रियापदाचं वाक्य वाट बघत असतं. काही दिवस चमत्कारिक वाटलं. एकदा घाईत तसंच वाक्य पाठवलंही गेलं, त्याबद्दल ऐकून घेतलं.

खेळणं अजिबात बंद झालं, असं नाही. फ्रीसेल खेळते. विंडोज ९५ मधल्या फ्रीसेलमध्ये ३२,००० डाव होते, प्रत्येकाला नंबर, आणि सगळे पत्ते पहिल्यापासून उघडे. नशिबाचा भाग फक्त वाटण्यात; नंतर काही लपलेलं नाही. इंटरनेटवरच्या हौशी मंडळींनी नव्वदच्या दशकात ते सगळे डाव आपसात वाटून घेऊन सोडवले. एकच उरला, ११९८२, आणि तो सुटत नाही हे पुढे कॉम्प्युटरनेही दाखवून दिलं. मी तो लावून बघितला आहे. माहीत असूनही. पण एरवी इथे डाव अडला तर दोष आपला, हे स्वच्छ कळतं, आणि एक नीट लावलेला डाव डोक्याला इतका शिणवतो की लगेच दुसरा नको होतो. हा गुण मला फार मोलाचा वाटतो.

खड्यांचा गेम आता आईच्या फोनवर आहे. मीच घालून दिला होता, माझं वेड भरात असताना. ती माझ्या कितीतरी पुढच्या लेव्हलला आहे आणि अधूनमधून फोन करते, "अगं, तुझ्याकडून लाइफ येत नाही हल्ली." मी तिला सांगितलं की मी तो काढून टाकला, सुटतच नव्हता. तिला हे पटेना. तिच्याकडे गेले तेव्हा मी मुद्दाम बघत बसले. ती सगळी आयुधं लावून खेळते, हरल्यावर गेमला नावं ठेवते, आणि पाचवी लाइफ गेली की फोन बाजूला ठेवून दुसऱ्या कामाला लागते. तारीख पुढे ढकलता येते हे मी तिला कधी सांगितलेलं नाही. शेवटी विचारलंच, "आई, तुला पुढचं खेळावंसं वाटत नाही?"

"वाटतं ना. पण लाइफ संपल्या," ती म्हणाली. "तू काय करायचीस?"